कादंबरी कशात लिहावी? मराठी लेखकापुढच्या सॉफ्टवेअरचा आढावा

प्रश्न कोणाचा, आणि नेमका कोणता

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे वाघोली जून २०२१च्या अखेरीस पुणे महापालिकेत आले. त्याचे रूप मात्र त्याआधीच पालटले होते. एकीकडे वाघेश्वराचे देऊळ आणि दगडखाणी, दुसरीकडे खराडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या सोसायट्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली, दिवसभर संगणकासमोर बसणारी आणि गावाकडची एखादी गोष्ट मनात वागवणारी माणसे अशा उपनगरात भेटतात. त्यांतल्या कोणी कादंबरी लिहायला घेतली, की सुरुवातीलाच एक प्रश्न उभा राहतो: लिहायचे कशात? वर्डमध्ये, गुगल डॉक्समध्ये, मोबाइलवर, की खास कादंबरीसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये?

इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी हा बहुतांशी सवयीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. मराठीत त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत. अक्षरे संगणकात घालायची कशी? तीन-चारशे पानांचा मजकूर वर्षानुवर्षे सांभाळायचा आणि हलवायचा कसा? आणि तयार झालेली फाइल प्रकाशकाकडे व तिथून छपाईकडे धडपणे पोचवायची कशी? चर्चेत हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात. एकजण कळफलकाबद्दल बोलतो, दुसरा प्रकरणांच्या मांडणीबद्दल, तिसरा फॉन्टबद्दल; तिघेही बरोबर असतात आणि तरी कोणाचे कोणाशी जुळत नाही. म्हणून या आढाव्यात ते प्रश्न एकेक करून घेतले आहेत. त्यांचा बराचसा इतिहास पुण्यातच घडला आहे, त्यामुळे सुरुवात त्या इतिहासापासूनच.

पार्श्वभूमी: कागदापासून जिस्टपर्यंत

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची. तेव्हापासून पुढे शतकाहून अधिक काळ मराठी कादंबरी हाताने लिहिली गेली आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांनी ती अक्षरात आणली. लेखकाने फक्त लिहायचे, बाकी सारे इतरांनी करायचे, अशी ती विभागणी होती. उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावर वि. स. खांडेकरांनी लेखनिकाला सांगून लेखन चालू ठेवले, तेही या विभागणीतच बसणारे होते. देवनागरी टंकलेखन यंत्र कचेऱ्यांत आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रुळले, पण ललित लेखकाच्या टेबलावर क्वचितच आले.

बाहेरच्या जगात हे चित्र लवकर बदलले. ब्रिटिश लेखक लेन डेटन यांची १९७०ची 'बॉम्बर' ही वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी मानली जाते. ती आयबीएमच्या चुंबकीय फीत वापरणाऱ्या अवजड यंत्रावर तयार झाली. पुढे वर्डस्टार आले, १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्ड आले, आणि लेखक स्वतःच टंकलेखक झाला.

मराठीला हे दार उघडायला आधी लिपीचा प्रश्न सोडवावा लागला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटू लागे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पाने लावण्याच्या, फॉन्टांनी मात्र आपापली वेगळी मांडणी ठेवली. सी-डॅकचे 'आयएसएम', पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', शिवाय 'आकृती' यांसारखी पॅकेजे पाने लावणाऱ्या पेजमेकर या प्रोग्रॅमबरोबर वापरली जाऊ लागली आणि नव्वदच्या दशकात मराठी पुस्तके त्यांवर घडू लागली.

या व्यवस्थेने मराठी प्रकाशनाला वेग दिला, सुबक अक्षरे दिली; तिचे हे ऋण मान्य करायलाच हवे. तिची अडचण एकच, पण मूलभूत होती. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन चिन्हांचाच होता, देवनागरी होते ते फक्त त्याचे दिसणे. फॉन्ट काढून घेतला की पानावर अर्थहीन चिन्हे उरत. एका पॅकेजातला मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. लेखकाने घरी टाइप करायचे म्हटले तरी प्रकाशकाकडे जे पॅकेज असेल तेच विकत घ्यावे लागे. साहजिकच बहुतेकांनी कागदावर लिहून सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या डीटीपी ऑपरेटरकडे गठ्ठा सोपवणे पसंत केले.

युनिकोडने काय बदलले

ही अडचण युनिकोडने सोडवली. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत देणारे हे प्रमाण; त्याच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा होती. घरच्या संगणकावर ती उपयोगात यायला विंडोज २००० उजाडावे लागले. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. 'मायबोली', 'मनोगत' यांसारख्या संकेतस्थळांवर लोक मराठीत भरभरून लिहू लागले. मराठीला लागणारा 'ॲ' मात्र २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला.

कादंबरीकाराच्या दृष्टीने युनिकोडचा खरा लाभ शोधण्यात आहे. चाळिसाव्या प्रकरणात अडल्यावर, या पात्राच्या आजोबांचे गाव आपण आधी कोणते सांगितले होते, हे क्षणात सापडते. पण इथेही मराठीचे स्वतःचे पेच आहेत. पात्राचे नाव 'गंगा' बदलून 'यमुना' करायचे ठरले आणि एका आज्ञेत सगळीकडे बदल केला, तर 'गंगेने', 'गंगेला', 'गंगेच्या' ही रूपे तशीच मागे राहतात. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतला ऱ्य-ऱ्ह संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. कोणतेही सॉफ्टवेअर निवडले तरी या गोष्टी लेखकालाच सांभाळाव्या लागतात.

पहिला प्रश्न: अक्षरे आत कशी जातात

इथे तीन मते आहेत.

पहिले मत इनस्क्रिप्टचे. १९८६ मध्ये ठरलेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. सर्व भारतीय लिप्यांसाठी मांडणी तीच. तो विंडोज, मॅक, लिनक्स सर्वत्र आधीच असतो, त्यामुळे काही बसवावे लागत नाही. 'ळ' आणि 'ऱ' थेट कळीवर मिळतात. याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की कादंबरी हे लाखभर शब्दांचे काम आहे; सुरुवातीला सरावाचे काही आठवडे घातले तरी ते पुढे वसूल होतात.

दुसरे मत रोमनमधून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीचे. गुगलच्या साधनांमुळे ती घरोघर पोचली आणि २०१९ पासून विंडोजमध्येही मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक अंगभूत आहे. इंग्रजी कळफलकावर वाढलेल्या पिढीला तो पहिल्या दिवसापासून जमतो. लिहायला लागणे महत्त्वाचे, असा या बाजूचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. आक्षेप असा, की प्रत्येक शब्द आधी रोमनमध्ये मनात आणावा लागतो, मग सुचवण्यांतून निवडावा लागतो. लय तुटते आणि नेहमीचाच शब्द पुढे येत राहतो.

तिसरे मत बोलण्याचे. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी आवाजी टंकलेखन आणले. हात दुखणाऱ्यांना, दृष्टी अधू असलेल्यांना आणि वाघोली ते शिवाजीनगर प्रवासात सुचलेले वाक्य टिपून ठेवणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. विरामचिन्हे, परिच्छेद आणि बोलीतले उच्चार यांची दुरुस्ती मात्र नंतर हातानेच करावी लागते.

टंकलेखन यंत्राचा रेमिंग्टन कळफलक शिकलेली पिढीही अजून लिहिती आहे. त्यांच्या बोटांतला वेग मोडून त्यांनी नवे शिकावे असे म्हणण्याचे कारण नाही. रेमिंग्टन मांडणीत टाइप करून युनिकोड मजकूर देणारी साधने आज उपलब्ध आहेत.

दुसरा प्रश्न: मजकूर ठेवायचा आणि हलवायचा कशात

सॉफ्टवेअरची खरी चर्चा इथे सुरू होते. चार भूमिका स्पष्ट दिसतात.

*साधा वर्ड प्रोसेसर पुरे.* वर्ड, लिबरऑफिस रायटर किंवा गुगल डॉक्स यांपैकी एक घ्यावे आणि लिहावे, असे म्हणणारे सर्वाधिक आहेत. प्रकाशक, संपादक, मुद्रितशोधक साऱ्यांना ते ठाऊक असते. प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची शैली दिली, की बाजूच्या पट्टीत अनुक्रमणिका तयार होते आणि वर्डमध्ये त्या पट्टीतले प्रकरण ओढून वरखाली करता येते. पैसे न मोजता हवे असेल तर लिबरऑफिस आहे, आणि त्याचे मेन्यू मराठीतही मिळतात. खाचखळगे दोन. वर्ड आणि लिबरऑफिस देवनागरीसाठी फॉन्ट व आकार वेगळ्या रकान्यात ठेवतात; तो रकाना न भरता शैली बदलली तर इंग्रजी शब्दांचा आकार बदलतो आणि मराठीचा तसाच राहतो. गुगल डॉक्समध्ये एका दस्तऐवजाला १०.२ लाख वर्णांची मर्यादा आहे. काने, मात्रा, वेलांट्या सुट्या मोजल्या जात असल्याने मराठी शब्द सरासरीने सहा-सात वर्णांचा धरला, तर दीड लाख शब्दांच्या आसपास ही मर्यादा गाठली जाते. मोठ्या पटाच्या कादंबरीने तिथे भाग पाडून लिहिलेले बरे.

*कादंबरीसाठी खास साधन हवे.* ब्रिटनच्या कीथ ब्लाउंट यांनी तयार केलेले स्क्रिव्हनर २००७ मध्ये मॅकवर आले, नंतर विंडोजवर. सायमन हेन्स या प्रोग्रॅमर-कादंबरीकाराचे वायरायटर हे याच जातीचे. यांत कादंबरी एक लांब पान नसते, प्रसंगांचे सुटे तुकडे असतात. पात्रे, स्थळे, संशोधनाची टिपणे, कात्रणे एकाच ठिकाणी राहतात; प्रसंगांचा क्रम बदलून पाहता येतो. ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे, किंवा चार पिढ्यांची, अनेक निवेदकांची कथा रचणारे यांना याची किंमत चटकन कळते. आक्षेपही गंभीर आहेत. मेन्यू इंग्रजीत, शिकायला वेळ, आणि शेवटी संपादकाला द्यायला वर्डची फाइल करावी लागतेच. ती परत येते तेव्हा दुरुस्त्या मूळ तुकड्यांत पुन्हा घालाव्या लागतात. स्क्रिव्हनर आतला मजकूर आरटीएफ स्वरूपात ठेवते. त्यात देवनागरी अक्षरे आकड्यांच्या संकेतांत लिहिलेली असतात, त्यामुळे ते सॉफ्टवेअर हाताशी नसताना नोटपॅडने फाइल उघडली तर मजकूर वाचता येत नाही. वर्डसारखा प्रोग्रॅम लागतो.

*निव्वळ मजकूर ठेवावा.* खराडी-वाघोलीतल्या संगणक अभियंत्यांना ही भूमिका जवळची वाटावी. प्रत्येक प्रकरण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, शीर्षके व तिरपे अक्षर मार्कडाउनच्या खुणांनी, आणि जुने खर्डे गिटसारख्या व्यवस्थेत सुरक्षित. अशी फाइल कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. कोणत्या दिवशी कोणते वाक्य काढले हेही दिसते. मात्र तळटिपा, संपादकाच्या खुणा, पानाचे दिसणे यांसाठी पुढे दुसरे साधन लागतेच, आणि तांत्रिक सवय नसलेल्या लेखकावर हा भार लादणे योग्य नाही.

*वही किंवा मोबाइल.* वर वर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोन्हींमागचा विचार एकच: लेखन आणि यंत्राची व्यवस्था यांत कमीत कमी अंतर. हाताने लिहिणाऱ्यांच्या मते संथपणामुळे वाक्य आधी मनात पक्के होते. दुसरीकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी' या ॲपवर फोनवर लिहिलेल्या क्रमशः मराठी कादंबऱ्या वाचकांपर्यंत भाग-भाग करून पोचत आहेत. वहीला नंतर टंकलेखनाचा खर्च आहे. ॲपमध्ये स्वतःची वेगळी प्रत ठेवण्याची जबाबदारी लेखकावर आहे.

या चारही भूमिकांचा पुरावा अनुभवाचा आहे आणि तो परस्परविरोधी आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या अवाढव्य कादंबऱ्या डॉसवरच्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहिल्या. साधनाच्या नवेपणाचा आणि कादंबरीच्या गुणवत्तेचा संबंध जोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शुद्धलेखन आणि बोली

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२चे, आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते यंत्राला शिकवणे कठीण आहे, कारण मराठी शब्द प्रत्यय घेत वाढत जातो: घर, घरात, घरातले, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. शब्दांची यादी कितीही मोठी केली तरी एखादे रूप बाहेर राहतेच. वर्डसाठी मराठी तपासणी मिळते, लिबरऑफिससाठी हन्स्पेलवर आधारित मोफत कोश मिळतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडायला दोन्ही उपयोगी आहेत. अरुण फडके यांच्या लेखन-कोशाची जागा घेण्याइतके मात्र ते पूर्ण नाहीत.

कादंबरीत अडचण आणखी खोल जाते. पात्र वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलते आणि तपासणी प्रत्येक संवादाखाली लाल रेघ ओढते. 'व्हतं', 'म्या', 'कायले' यांना चूक ठरवून फोनचा कळफलक ते आपोआप बदलूनही टाकतो. महामंडळाचे नियमच बोलण्यातला उच्चार दाखवताना तो उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा देतात. यंत्राने ती मुभा अजून शिकलेली नाही. बोलीत लिहिणाऱ्यासाठी म्हणून दोन सोयी सॉफ्टवेअरच्या इतर गुणांइतक्याच मोलाच्या ठरतात: आपोआप दुरुस्ती पूर्ण बंद करता येणे, आणि आपला शब्द कोशात कायमचा घालता येणे. ज्या साधनात हे जमत नाही ते ग्रामीण कादंबरीच्या कामाचे नाही, असे म्हणायला हरकत नसावी.

तिसरा प्रश्न: फाइल छापखान्यापर्यंत

वाघोलीपासून पुण्याच्या पुस्तकबाजाराचा अप्पा बळवंत चौक पंधरा-वीस किलोमीटरवर. फाइल तिथे ईमेलने क्षणात पोचते, पण ती तिथे कशी उघडते हा वेगळा मुद्दा आहे. पेजमेकरला युनिकोड कधीच समजले नाही. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट जुळणी २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून मिळू लागली. त्यानंतरही जुन्या फॉन्टांवर बसलेले हात, जुन्या पुस्तकांच्या फाइली आणि आवडीची अक्षरवळणे यांमुळे बऱ्याच ठिकाणी युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टात रूपांतरित करून मगच लावला जातो.

या रूपांतरात चुका कुठे होतात हे ठरलेले आहे. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. जुन्या फॉन्टात दिसते तशी वेलांटी आधी. रफार, ऱ्य, काही जोडाक्षरे, 'ॲ' आणि अवतरणचिन्हे यांचीही फेरमांडणी होते. म्हणून मुद्रिते वाचताना या जागा वेगळ्या तपासायला हव्यात. जुन्या व्यवस्थेला धरून राहणाऱ्या मुद्रकांची बाजूही ऐकण्याजोगी आहे: नवे फॉन्ट, नवे परवाने, नवे प्रशिक्षण यांचा खर्च छोट्या व्यवसायाला जड जातो. फॉन्टांची परिस्थिती मात्र सुधारली आहे. अनेक फॉन्टांत हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येत. मराठी वळण राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात निश्चित केले आणि आज 'तिरो देवनागरी मराठी'सारखे ते वळण जपणारे मोफत युनिकोड फॉन्ट मिळतात.

ई-पुस्तकाने पारडे युनिकोडकडे आणखी झुकवले. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके मिळू लागली. फोनवर, टॅबवर वाचले जाणारे ई-पुस्तक युनिकोड मजकुरावरच उभे असते. जुन्या फॉन्टांत अडकलेल्या कादंबऱ्या त्यासाठी पुन्हा रूपांतरित कराव्या लागतात आणि पुन्हा वाचाव्या लागतात.

काय अनिर्णित आहे

पहिली गोष्ट संपादनाची. वर्डमधल्या बदलखुणा वापरून लेखक-संपादकाने काम करावे, की कागदी मुद्रितांवर? पहिल्यात वेग आणि नोंद आहे. दुसऱ्यात डोळ्यांना चूक जास्त दिसते, असा अनेक मुद्रितशोधकांचा विश्वास आहे. प्रत्येक प्रकाशनसंस्थेची रीत वेगळी, म्हणून लेखकाने हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट खर्ड्यांची. हस्तलिखितांतली खाडाखोड अभ्यासकांना कादंबरी कशी घडली ते सांगते. संगणकावर जुना मजकूर पुसला जातो. मराठी लेखकांचे संगणकावरचे खर्डे कोणत्या ग्रंथालयाने, कोणत्या स्वरूपात जपावेत, याबद्दल सर्वमान्य रीत अजून बसलेली नाही.

तिसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. लिहिण्याच्या साधनांतच आता मजकूर सुचवणारे, सारांश करणारे सहायक येत आहेत. काहींना त्यांत शुद्धलेखनाची आणि शोधाची मदत दिसते. काहींना भीती वाटते की प्रमाण मराठीच्या सरासरीकडे सगळ्यांची वाक्ये ओढली जातील. अप्रकाशित कादंबरी दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याबद्दलची काळजी याच्याशीच जोडलेली आहे. दोन्ही बाजूंना आधार आहे आणि निकाल लागायला वेळ आहे.

चौथी गोष्ट साधी आहे: मराठीची सामान्यरूपे ओळखून पात्राचे नाव सर्वत्र बदलणारे, बोली जपणारे, मराठी मेन्यू असलेले कादंबरीलेखनाचे साधन हवे आहे. ज्या शहरात जिस्ट वाढले आणि श्री-लिपी घडली, तिथे हे काम होणे अशक्य नाही.

निवडताना

वरचे सगळे वाचून एकच सॉफ्टवेअर श्रेष्ठ ठरत नाही. एक कसोटी मात्र सर्व भूमिकांना मान्य व्हावी: मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तरी तो पूर्णपणे बाहेर काढता यावा. एका सलग कथेला वर्ड किंवा लिबरऑफिस पुरते. अनेक धाग्यांच्या रचनेला स्क्रिव्हनरसारखे साधन श्रम वाचवते. तंत्राची सवय असेल तर साधा मजकूर सर्वात टिकाऊ. निवड पक्की करण्याआधी एक प्रकरण त्यात लिहावे, 'ऱ्य', 'ॲ', रफार आणि बोलीतले संवाद त्यात मुद्दाम आणावेत, वर्डच्या फाइलमध्ये ते बाहेर काढावे आणि ज्या प्रकाशकाकडे जायचे आहे त्याच्या डीटीपीवर उघडून पाहावे. शंभर पाने झाल्यावर सापडणारा दोष पहिल्या दहा पानांत सापडला, तर पुढचा सगळा वेळ कादंबरीला देता येतो.